काळ्या मातीचा रंग

बिलोलीत फोटो काढण्यासारखे आहे तरी काय, हा प्रश्न आम्हांला गेली पंचवीस वर्षे विचारला जात आहे. विचारणारे परके नसतात, आपलेच असतात. "यहाँ क्या रखा है जी? फोटो निकालना है तो कश्मीर जाव, नहीं तो महाबळेश्वर जाव." बोलणाऱ्याच्या मनात कडवटपणा नसतो, त्याला खरोखरच तसे वाटते. आमच्या तालुक्याला ना सह्याद्रीचा कडा, ना समुद्र, ना धबधबा. किल्ला पाहायचा तर कंधारला जावे लागते, कोरीव मंदिरे पाहायची तर देगलूरजवळच्या होट्टलला. बिलोलीत सरफराज खान यांच्या नावाने ओळखली जाणारी मोगलकालीन दगडी मशीद आहे, चहूकडे काळी शिवारे आहेत, पूर्वेला मांजरा नदी आहे आणि नदीपलीकडे तेलंगण. नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाचे हे गाव. मराठी, उर्दू आणि तेलुगू या तिन्ही भाषा बाजाराच्या दिवशी एकाच दुकानासमोर ऐकू येतात. पण कॅलेंडरवर छापावे असे येथे काही नाही, हे मत मात्र तिन्ही भाषांत एकच.

आम्ही म्हणजे चौघे मित्र. एक शाळेत शिकवतो, एकाचा फोटो स्टुडिओ आहे, एकाचे बी-बियाण्यांचे दुकान, आणि एक शेती पाहतो. या लेखातले 'आम्ही' या चौघांचे मिळून आहे. वाद पुष्कळ झाले, पण एका कॅमेऱ्यात चौघांनी डोळा घालून पाहिले असल्यामुळे आता कोणते वाक्य कुणाचे हे वेगळे काढता येत नाही.

सुरुवात स्टुडिओतच झाली. तालुक्याच्या गावात जुन्या स्टुडिओत मागे एक रंगवलेला पडदा असे. त्यावर निळे तळे, तळ्यात हंस, काठावर नारळाची झाडे आणि दूर एखादा महाल. बिलोलीच्या तीन पिढ्या त्या तळ्याकाठी उभ्या राहून फोटो काढून गेल्या. लग्न ठरायचे असलेली मुलगी, हजला निघालेले आजोबा, पहिलीत नाव घातलेला मुलगा, सगळे त्याच हंसासमोर. बाहेर एप्रिलचे ऊन शिवार भाजून काढत असे आणि आत थंड तळे असे. निसर्ग म्हणजे आपल्या गावात नसलेली गोष्ट, हे आम्ही त्या पडद्यावरून शिकलो. घराघरांतली कॅलेंडरेही तेच सांगत. एका भिंतीवर मक्का-मदिना, दुसऱ्या भिंतीवर बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी लाल कौलांचे घर.

१९९८ साली चौघांनी पैसे जमवून एक जुना याशिका कॅमेरा घेतला. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुऊन आणायला नांदेड. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ फोटो. त्या नऊमधले सात सूर्यास्ताचे असत. लाल आकाश, समोर बाभळीची काळी आकृती, जमलेच तर तिच्यावर एक पक्षी. मूल बोलायला लागते तेव्हा आधी कानावर पडलेलेच बोलते, तसेच हे. उसन्या शब्दांवाचून कुणाची भाषा सुरू होत नाही. प्रश्न पुढचा असतो. बोलता येऊ लागल्यावर स्वतःचे काही सांगायचे आहे का?

आमच्या बाबतीत या प्रश्नाला वाचा फोडली ती मातीने.

जूनमध्ये पेरणीच्या आधी, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर आमची जमीन कोळशासारखी काळी दिसते. ओली, नांगरलेली, ढेकळांच्या कडांवर किंचित चमक. त्या जमिनीचा फोटो धुऊन आला की ती राखाडी दिसे. धुतलेल्या पाटीसारखी. रोल बदलून पाहिला, दुकान बदलून पाहिले, फरक पडला नाही. शेवटी स्टुडिओवाल्या मित्राने कॅमेऱ्यातल्या मीटरचा स्वभाव उलगडून सांगितला. मीटर हे एक साधे यंत्र आहे. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जे काही समोर येईल ते मध्यम राखाडी आहे असे धरून तो प्रकाश मोजतो. काळी माती समोर धरली तर त्याला वाटते, उजेड कमी आहे, म्हणून तो जास्त प्रकाश आत घ्यायला सांगतो आणि काळ्याचे राखाडी होते. नदीची पांढरी वाळू समोर धरली तर उलट होते. त्याला वाटते उजेड फार झाला, आणि दुपारची झगझगीत वाळू मळकट उतरते. उपाय सोपा आहे. काळ्या मातीसाठी मीटर सांगेल त्यापेक्षा एक-दीड स्टॉप प्रकाश कमी घ्यायचा, कोरड्या वाळूसाठी एक स्टॉप वाढवायचा.

उपाय हाताच्या बोटांत बसायला आठवडा पुरला. त्यामागची गोष्ट मनात बसायला मात्र वर्षे लागली. हे यंत्र सरासरीसाठी बनवलेले आहे. त्याला आमची जमीन जशी आहे तशी दाखवायची असेल, तर ती कशी आहे हे आधी आम्हांला माहीत हवे आणि मग यंत्राचे न ऐकण्याची हिंमत हवी. निसर्गचित्रणात ज्याला 'स्वतःची दृष्टी' म्हणतात, तिची आमच्यापुरती पहिली व्याख्या हीच झाली: यंत्र राखाडी म्हणेल तेथे आपण काळे म्हणणे.

अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स हा या विषयातला मोठा उस्ताद. १९२७ सालच्या एप्रिलमध्ये तो योसेमिटीच्या हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर उभा होता. जवळ काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली, आणि लगेच त्याला जाणवले की आकाश फिकट येईल आणि कड्याची जी दहशत मनात भरली आहे ती उतरणार नाही. शेवटच्या प्लेटेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा उभा राहिला. चित्र आधी मनात पूर्ण पाहायचे आणि मग यंत्राकडून ते करवून घ्यायचे, ही त्याची शिकवण तेथून सुरू होते. आमच्याकडे कडा नव्हता, ढेकूळ होते. पण नियम तोच निघाला.

हा नियम आपल्या परंपरेला अनोळखी नाही, हेही सांगितले पाहिजे. बसऱ्यात ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी कैरोत 'किताब अल-मनाझिर' लिहिली, त्याला हजार वर्षे होऊन गेली. डोळ्यातून किरण बाहेर जाऊन वस्तूला शिवतात हे जुने मत त्यांनी खोडून काढले. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो तेव्हा आपल्याला दिसते, हे त्यांनी दाखवले. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीतल्या बारीक छिद्रातून प्रकाश आत कसा येतो, याचे प्रयोग केले. कॅमेऱ्याच्या पूर्वजांत त्या खोलीचा मान मोठा आहे. पण आम्हांला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. पाहणे येथे संपत नाही, असे ते म्हणतात. डोळ्यात आलेल्या प्रकाशाची मन ओळख पटवते, तुलना करते, पूर्वी पाहिलेल्याशी ताडून निवाडा करते, तेव्हा पाहणे पुरे होते. म्हणजे दोन माणसे एकाच बांधावर उभी राहिली तरी दोघांना एकच शिवार दिसेल असे नाही. ज्याने त्या शिवारात पेरणी केली आहे, त्याचा निवाडा वेगळा असणारच.

यानंतर आमचे लक्ष घड्याळाकडून सावलीकडे गेले. छायाचित्रणाची पुस्तके सांगतात की दुपारचे ऊन सपाट असते, सकाळ-संध्याकाळ निसर्गचित्रासाठी चांगली. किती वाजता, ते मात्र ऋतूप्रमाणे बदलते. आमच्या शेतकरी मित्राच्या अब्बांनी एकदा सहज म्हटले, "घड़ी क्या देखते? अपनी परछाईं देखो." असरची वेळ ठरते ती सावलीवरूनच. कोकणातले आपले शाफई बांधव वस्तूची सावली वस्तूइतकी झाली की असर धरतात, आम्ही हनफी ती दुप्पट झाल्यावर. दोन्हीत माध्यान्हीची मूळ सावली वगळायची. पहिल्या हिशेबात सूर्य क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो, दुसऱ्यात सत्तावीसच्या आसपास किंवा त्याहून खाली. आणि नेमके याच वेळी आमचे सपाट शिवार सपाट राहत नाही. दुपारी एकजीव दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यात प्रत्येक तास, प्रत्येक ढेकूळ, बैलाच्या खुराचा प्रत्येक ठसा सावली धरून वेगळा होतो. मशिदीच्या भिंतीतले दगडही असरलाच एकेकटे दिसतात. कुठला छिन्नीने घासलेला, कुठला ओबडधोबड राहिलेला. शाफई असर आणि हनफी असर यांच्यामधल्या तासाभरात आम्ही जितके फोटो काढले, तितके बाकीच्या दिवसात मिळून काढले नाहीत.

फजरचेही तसेच. सुबह-ए-काझिब आणि सुबह-ए-सादिक हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकले होते. खोटी पहाट आणि खरी पहाट. खोटी पहाट क्षितिजावरून वर चढणाऱ्या उभ्या, फिकट पट्ट्यासारखी दिसते. सूर्याच्या भोवतीच्या प्रदेशात पसरलेल्या बारीक धुळीवरून परतलेला तो प्रकाश असतो. खरी पहाट क्षितिजाला समांतर, आडवी पसरते. पुस्तकात वाचलेला हा भेद तिवईवर कॅमेरा लावून अंधारात बसल्यावर डोळ्यांनी पाहिला. गावाचे दिवे वाढल्यापासून खोटी पहाट दिसणे दुर्मीळ झाले आहे. ती पाहायची तर आता गावापासून बरेच लांब जावे लागते.

मराठवाड्याचा एक फोटो सगळ्या देशाला पाठ आहे. भेगाळलेली जमीन, त्यावर उकिडवा बसलेला म्हातारा, नजर आकाशाकडे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा तर हा फोटो रोज छापून येत होता. दुष्काळ खरा होता. त्या वर्षी आमच्याच मांजरा नदीवरचे वरचे धरण कोरडे पडले होते, लातूरच्या माणसांनी जे भोगले ते आम्ही नात्यागोत्यातून जवळून ऐकले आहे. पण त्या भेगांबद्दल एक गोष्ट येथला कुणीही शेतकरी सांगेल. काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस भरपूर झालेल्या वर्षीही भेगाळते. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. भेगांतून वरची भुसभुशीत माती खाली पडते, पावसात पुन्हा फुगून वरखाली होते. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. बिलोलीकडे पाऊस लातूर-बीडपेक्षा जास्त, तरी मे महिन्यात आमच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो.

मग ती भेग कशाची खूण? बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला ती मृत्यूची दिसते. आम्हांला ती जमिनीच्या श्वासासारखी दिसते. बी-बियाण्यांच्या दुकानातला आमचा मित्र दर मे महिन्यात एकाच शेतातल्या एकाच भेगेचा फोटो काढतो आणि जुलैत त्याच जागी उगवलेल्या उडदाचा. दोन फोटो शेजारी ठेवले की कुणाला काही सांगावे लागत नाही. दुःख लपवावे असे आमचे म्हणणे नाही. पण एखाद्या प्रदेशाचा एकच फोटो वर्षानुवर्षे छापला गेला की तेथली माणसेही स्वतःकडे त्याच फोटोतून पाहू लागतात. हे आपल्या समाजालाही अनुभवाने माहीत आहे. आपला कोणता फोटो छापून येतो आणि कोणता येत नाही, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

जगातला सर्वांत जुना, आजही टिकून असलेला फोटो कशाचा आहे? फ्रान्समधल्या निसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून काढलेल्या छपरांचा. प्रकाश इतका वेळ द्यावा लागला की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात. कॅमेरा हातात आल्यावर माणसाने आधी पाहिले ते स्वतःच्या घरासमोरचेच. प्रागचे योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर परक्या सैन्याच्या ताब्यात असताना त्यांनी स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे काढत राहिले. काचेवरचा दव, बाहेरचे वाकडे झाड, बर्फ. इराणचे अब्बास किआरोस्तमी सिनेमासाठी प्रसिद्ध, पण १९७९च्या क्रांतीच्या आसपासच्या अस्वस्थ काळात ते कॅमेरा घेऊन शहराबाहेर पडले आणि २०१६मध्ये मृत्यू येईपर्यंत निसर्गाचे फोटो काढत राहिले. त्यांचे काळे-पांढरे रस्ते पाहिले की आम्हांला आमच्या पांदणी आठवतात. आणि इतक्या दूर कशाला? कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांनी सिंधुदुर्गातले दशावतारी कलावंत आणि आपल्याच भागातले रोजचे जगणे असे टिपले की लोक त्यांना बाहेरून बोलावू लागले. यांतल्या कुणालाही दृष्टी प्रवासाने मिळाली नाही, एका जागी पुन्हा पुन्हा जाऊन मिळाली.

आमचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांना 'राजा मुसव्विर जंग' असा किताब होता. त्यांची चित्रे अप्रतिम आहेत. महाल, शिकारी, वेरूळची लेणी, पाहुणे आलेले लाटसाहेब. पण दरबाराचा कॅमेरा जेथे दरबार जातो तेथे जातो. बिलोलीसारख्या गावांचे शिवार शंभर वर्षांपूर्वी कसे दिसत होते, हे पाहायला आमच्याकडे एकही फोटो नाही. ही उणीव आम्हांला सतत टोचते. आज आपण आपली जमीन टिपली नाही, तर शंभर वर्षांनंतर कुणीतरी हेच वाक्य लिहील.

आपल्या घरांत चित्राचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. सजीवांच्या चित्राबद्दल जुन्या माणसांच्या मनात संकोच असतो. झाड, नदी, डोंगर यांना मात्र हरकत नसते. त्यामुळे आमच्या या छंदावर मोहल्ल्यातले हाफिजसाहेब खूश होते. "दरख़्त की तस्वीर में क्या बुराई?" ते म्हणत. पण आमच्यातल्या एकाच्या नानीअम्मा खूश नव्हत्या. २००४ साली ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांना आम्ही मोठ्या आकारात छापलेले पंधरा फोटो दाखवले. त्यांनी चष्मा पुसून एकेक नीट पाहिला आणि म्हणाल्या, "सब अच्छा है बेटा. मगर इसमें अपने लोगां कहाँ हैं?"

आम्ही त्यांना निसर्गचित्र म्हणजे काय ते समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा दिला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर उठून आला. तेव्हापासून आम्ही फोटोत माणूस उभा केला असे नाही, पण माणसाची खूण शोधू लागलो. बांध म्हणजे दोन भावांच्या वाटणीची रेघ. पायवाट म्हणजे रोज त्याच बाजूने जाणाऱ्या बायकांची पावले. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरांनी पडलेल्या खाचा म्हणजे चार पिढ्यांची तहान. आणि आमचे कब्रस्तान. कच्च्या कबरी पावसागणिक खचतात, दोन-चार वर्षांत जमिनीला मिळतात. श्रावणात सगळीकडे सारखे गवत येते. त्या गवताचा आम्ही एक फोटो काढला आहे, असरच्या उन्हात. गवताखाली जमिनीचे हलके चढउतार सावलीने दिसतात, एवढेच. पाहणारा म्हणतो, छान हिरवळ आहे. आमच्या गावचा माणूस पाहतो तेव्हा काही बोलत नाही. नानीअम्मा २०११ साली तेथेच गेल्या.

शेवटी नदीबद्दल लिहिले पाहिजे. कारण आमची नजर खऱ्या अर्थाने पारखली गेली ती तेथे.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूर, बिदर असे वळण घेत तेलंगणात जाते, निजामसागरात अडते आणि मग उत्तरेकडे वळून आमच्या सीमेवरून वाहत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एकूण ७२४ किलोमीटर. आमच्या भागात जमिनीचा स्वभावही बदलतो. दख्खनचा काळा बेसाल्ट येथे संपत येतो आणि गुलाबी-करडा ग्रॅनाइट वर येऊ लागतो. येसगीच्या पुलावरून पलीकडे बोधनच्या दिशेने गेले की मातीचा रंग बदललेला स्पष्ट दिसतो. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे कण असतात. तो झिजला की टणक, स्वच्छ वाळू होते. बेसाल्टची बहुतेक माती होते. म्हणून मराठवाड्याच्या इतर नद्यांपेक्षा येथली वाळू बांधकामाला चांगली, आणि म्हणूनच तिला पाय फुटले.

आम्ही लहान असताना उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजांचे वेल असत. हाताने वाळू उकरली की झिऱ्याला गोड पाणी लागे. वाळू म्हणजे नदीची पाणी साठवायची जागा. ती उपसली की पात्र खोल जाते, पुराचे पाणी थांबत नाही आणि काठच्या विहिरी आटतात. २००३ पासून आम्ही नदीकाठच्या एका ठिकाणी दर महिन्याला एक फोटो काढत आलो आहोत. जागा तीच, काच पन्नास मिलिमीटरचीच, क्षितिजाची रेघ चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागावर. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या फोटोत वाळूतून वर आलेला एक खडक दिसतो, लहान मुलाला बसता येईल इतका. अलीकडच्या फोटोत तोच खडक उभ्या माणसाच्या डोक्यावरून जातो. खडक वाढलेला नाही, हे सांगायला नको.

ही मालिका सोपी नव्हती. काठावर कॅमेरा घेऊन उभे राहिले की विचारणा होते. कोण, कुठले, कशासाठी? इतके ठीक आहे. पण नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न बदलतो. "हे फोटो पाठवता कुणाला?" नदीवर काम करणाऱ्या काहींनी एकदा कॅमेऱ्यातले कार्ड काढून मागितले. दुसऱ्यांदा एका गणवेशातल्या माणसाने तासभर बसवून ठेवले आणि एकेक फोटो पाहून विचारले, "यात काहीच नाही. मग काढता कशाला?" त्या क्षणी आम्हांला हसू आले नाही. नंतर मात्र वाटले की आमच्या कामाची इतकी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही. त्या एकेकट्या फोटोत खरोखर काही नसते. अडीचशे फोटो ओळीने लावले की त्यांत एक नदी जाताना दिसते.

तेथेच आमच्यात मोठा वाद झाला. काही वर्षी मोठे पूर आले आणि वाळू परत आली, खडक कमरेपर्यंत बुडाला. ते फोटो मालिकेत ठेवायचे का? ठेवले तर 'बघा, नदी भरून निघते' असे म्हणायला लोकांना आधार मिळतो. गाळले तर चित्र जास्त ठसठशीत होते. शिक्षक मित्र म्हणाला, गवाही द्यायची तर पुरी द्या. आपल्या बाजूच्या विरुद्ध जाणारीही द्या, नाही तर ती गवाही नव्हे. ते फोटो मालिकेत आहेत. आणि अनुभव असा, की तेच पाहून लोकांचा बाकीच्यांवर विश्वास बसतो.

तेव्हा स्वतःची दृष्टी म्हणजे काय, यावर आज आम्हांला विचारले तर उत्तर साधे आहे. ती शैली नाही, रंग गडद करणे नाही, दुसऱ्याने न पाहिलेला डोंगर शोधणेही नाही. आपण कुठे उभे आहोत हे ओळखणे, जे आहे ते त्याच्याच रंगात ठेवणे आणि चौकटीबाहेर काय गेले याची जबाबदारी घेणे, या तीन गोष्टी जमल्या की दृष्टी आपोआप येते. अॅडम्सचा लाल फिल्टर आणि आमची वगळलेली किंवा ठेवलेली पुराची चित्रे, दोन्ही निवडीच आहेत. निवड कशासाठी केली, त्यावर सगळे अवलंबून आहे.

आता रोल गेले, नांदेडच्या फेऱ्या गेल्या. कॅमेरा प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. फोन स्वतःच्या अकलेने आकाश निळे करतो, चेहरा गोरा करतो आणि काळी माती तपकिरी करतो. आमचा शिक्षक मित्र शनिवारी शाळा सुटल्यावर मुलामुलींना फोन घेऊन बसवतो. पहिला धडा एकच. पडद्यावर मातीला बोट लावायचे आणि बोट खाली ओढून ती काळी करायची, डोळ्यांना दिसते तितकी, त्याहून जास्तही नाही. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने आपल्या घराच्या माळवदावरून फोटो आणला. वाळत घातलेल्या लाल मिरच्या, पलीकडे नांगरलेले शेत, मधे अर्धवट बांधलेली भिंत. क्षितिज तिरके होते. मित्राने ते सरळ करायला सांगितले, तर ती म्हणाली, "सर, आमचे माळवद तिरकेच आहे."

फोटो तसाच ठेवला आहे. शाळेच्या फळ्याशेजारी लावला आहे. वाचकांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी आपल्या घरापासून पायी जाता येईल अशी एक जागा निवडावी आणि बारा महिने असरच्या वेळी तेथे जावे. सावली दुप्पट झाली की कॅमेरा उघडावा, आणि त्याचे सगळेच ऐकू नये.